कानाचं हाड

"चाटून बघ," सोहोनी सर म्हणाले.

मी हातातला तुकडा जिभेला लावला. जुनं हाड असेल तर ते जिभेला चिकटतं, दगड असेल तर सुटून येतो. जीवाश्म शोधणारे सगळेच असं करतात, त्यात घाण वाटून घेण्यासारखं काही नाही. माझा तुकडा सुटून आला.

"मग?"

"दगड आहे, सर."

"दगडच आहे. सकाळपासून तू दगड खरवडतोयस." सरांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि बाकीच्यांना दाखवत म्हणाले, "देवबागचे खोबरेकर. घरी सात पिढ्यांची मासेमारी, आणि चिरंजीवांना हाड ओळखता येत नाही. निघालेत पीएच.डी. करायला. अरे, तुझा बाप जाळं टाकतो तेव्हा निदान मासे तरी वर येतात!"

एम.एस्सी.ची दोन पोरं फिदीफिदी हसली. माझ्यासारखीच पीएच.डी. करणारी पद्मजा शिरगुप्पे हसली नाही. ती खाली मान घालून चाळणी हलवत राहिली. ती हसली असती तर मला कमी लागलं असतं असं तेव्हा वाटलं.

ही १९८६ सालच्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही कच्छमधल्या एका कोरड्या नाल्यात होतो. पुण्याच्या आमच्या भूशास्त्र विभागातून सर दर जानेवारीला तिथे यायचे, आणि एकाच गोष्टीसाठी यायचे. १९६४ साली त्यांना याच नाल्यात दोन कोटी वर्षांपूर्वीच्या एका डॉल्फिनची कवटी सापडली होती. गंगेत आज जो जवळपास आंधळा डॉल्फिन राहतो, त्याचा हा समुद्रातला पूर्वज, असं सरांचं म्हणणं होतं. म्हणणं मोठं होतं, पण कवटीला कानाची हाडं नव्हती.

आणि डॉल्फिनचं सगळं असतं ते कानात. त्याचे पूर्वज एके काळी चार पायांवर जमिनीवर चालत. ते पाण्यात शिरले, मागचे पाय गेले, नाकपुड्या डोक्यावर चढल्या, आणि पाण्यातून येणारा आवाज पकडण्यासाठी कान पार बदलून गेला. कानातलं सुपारीएवढं घट्ट हाड पाहिलं की कोण कुणाचा वंशज ते सांगता येतं. पण ते हाड कवटीत नुसतं अडकवल्यासारखं असतं. डॉल्फिन मेला, कुजायला लागला, की बरेचदा पहिल्यांदा तेच गळून पडतं. सरांचा निबंध परदेशी गेला तेव्हा तिकडच्या एका बड्या माणसाने एका ओळीत निकाल लावला होता, की कान नसलेल्या कवटीवर इतकं बोलू नये. ती ओळ सरांना पाठ होती. बावीस वर्षं ते तो कान शोधत होते, आणि बावीस वर्षांचा राग आमच्यावर काढत होते.

त्या दिवाळीत मी घरी गेलो. किनाऱ्यावर एक मेलेला डॉल्फिन लागून बरेच दिवस झाले होते. कावळ्यांनी आणि खेकड्यांनी त्याचं काम उरकलं होतं. मी वाळू उकरून त्याच्या कानाचं हाड काढलं. बाबा होडीला डांबर लावत होते.

"ह्यां हाड कित्याक व्हया तुका?" ते म्हणाले. "कुत्रोय हुंगणा नाय तेका."

"कॉलेजात लागता," मी म्हणालो.

कॉलेजात ते कशाला लागत होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. दोन महिने मी त्या हाडावर खपलो. सरांच्या निबंधात एक चित्र होतं. त्यांच्या मते न सापडलेलं हाड कसं असेल, त्याचं. मी कानस घेऊन माझं हाड त्या चित्राबरहुकूम घासलं. चहाच्या गडद पाण्यात उकळलं, गंजाच्या पाण्यात आठवडाभर ठेवलं, नाल्यातून आणलेली पिवळी माती पातळ लाखेत कालवून त्यावर थापली. माझे हात चांगले आहेत. सरांनी शिव्या दिल्या नसत्या तर एवढं मन लावून मी काही केलं नसतं.

बेत साधा होता. सरांना ते सापडणार, रात्री जेवताना ते सगळ्यांना सांगणार, आणि मग मी शांतपणे म्हणणार, "सर, हा आमच्या देवबागचा डॉल्फिन. माझ्या बापाने ओळखला असता." हे वाक्य मी आगगाडीत इतक्या वेळा घोकलं, की पद्मजाने विचारलं, "परीक्षा आहे की काय रे तुझी?"

पुढच्या जानेवारीत, कामाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मी ते हाड नाल्याच्या काठात खोचलं. जरासं टोक बाहेर ठेवलं. सकाळी दहाच्या सुमाराला सर तिथे पोचले. मी मुद्दाम जवळच चाळणी घेऊन बसलो होतो.

सर वाकले. मग गुडघ्यांवर बसले. ब्रशने माती झाडायला लागले, मग धीर न धरवून त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि बोटांनीच माती काढली. हाड तळहातावर आलं. ते तसेच धुळीत फतकल मारून बसले. माणूस कधी असा बसलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी मला हाक मारली.

"गुरुनाथ," ते म्हणाले. चार वर्षांत त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली नव्हती. "गुरुनाथ, सापडलं रे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. खोटं कशाला सांगू, मनातून मला गुदगुल्या होत होत्या.

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि हाड डोळ्यांजवळ नेलं. पुष्कळ वेळ पाहिलं. हाड जिभेला लावलं. डोळे मिटले. मला वाटलं, गहिवरले. डोळे उघडल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरचा हात काढला, हाड रुमालात बांधलं आणि उठून कपडे झटकले.

"चल, खोबरेकर. चाळण अर्धी राहिलीय तुझी."

रात्री जेवायला बसलो. जीपवाले हमीरभाई रोटले वाढत होते. मी घोकलेलं वाक्य जिभेवर घेऊन बसलो होतो. सरांनी रुमाल सोडला, हाड कंदिलाखाली ठेवलं. पोरं ओरडलीच. पद्मजाने तोंडावर हात ठेवला.

"तेवीस वर्षांनी," सर म्हणाले. "पण माझं आता वय झालं. मी निवृत्तीला आलो. हे काम तरुण माणसानं करावं. शिरगुप्पे, हे तुमचं. तुमचा प्रबंध यावर."

पद्मजा रडायला लागली. तिचा तोवरचा विषय शिंपल्यांचा होता, रटाळ, कुणी न वाचण्यातला. जयसिंगपूरला तिचे वडील दर सुट्टीत एक स्थळ काढून ठेवायचे आणि ती दर सुट्टीत 'प्रबंध होऊ दे' म्हणून टाळायची. ती उठून सरांच्या पाया पडली.

"सर, मी... सर, खोबरेकर माझ्यापेक्षा..."

"खोबरेकरला काही म्हणायचं असेल तर तो म्हणेल," सर म्हणाले. "काय रे? म्हणायचंय काही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पद्मजाच्या गालांवर पाणी होतं आणि ती हसत होती.

"अभिनंदन," मी म्हणालो.

पुण्याला आल्यावर सरांनी हाड कपाटात बंद केलं. ठिसूळ आहे, हाताळायचं नाही, म्हणाले. प्लास्टरचा साचा, म्हणजे हुबेहूब प्रतिकृती, करून त्यावर काम करायचं. तशी पद्धत आहेच, त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. साचा करायचं काम सरांनी मला दिलं. म्हणाले, तुझे हात चांगले आहेत.

तीन वर्षं पद्मजा त्या साच्यावर काम करत होती. तिने त्याची शंभरावर मापं घेतली. लखनौ, कोलकात्याला जाऊन गंगेतल्या डॉल्फिनच्या कवट्या पाहिल्या. समुद्र मागे हटला तसे हे प्राणी नद्यांत कसे शिरले असतील, गढूळ पाण्यात डोळे कसे निकामी झाले असतील आणि कानावर सगळा भार कसा आला असेल, हे ती इतकं छान सांगायची की काही वेळ मीही विसरायचो. मग आठवायचं की ज्या उंचवट्यावर ती बोट ठेवतेय, तो माझ्या कानशीने केलेला आहे.

सांगायची संधी मिळाली नाही असं मी म्हणणार नाही. रोज होती. एकदा तर सांगायलाच बसलो होतो. विभागाच्या मागच्या बाकावर ती डबा उघडून बसली होती. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"घे की," ती म्हणाली. "काय झालंय तुला? महिनाभर बघतेय, तोंड पाडून असतोस."

"पद्मजा, त्या हाडाबद्दल..."

तेवढ्यात सर कोपऱ्यावरून आले. थांबले. "काय खोबरेकर? यांना काही सांगत होतास का?"

"नाही सर."

"सांग, सांग. मी जातो." आणि खरंच गेले.

"काय रे, हाडाबद्दल?" पद्मजाने विचारलं.

"साचा जरा झिजलाय," मी म्हणालो. "दुसरा करून देतो."

दुसरा करून दिला. एकदा तिने सरांकडे अस्सल हाड पाहायला मागितलं. सर नको म्हणाले. तिने पुन्हा मागितलं नाही.

१९९० च्या मार्चमध्ये प्रबंध सादर करण्याआधीचं खुलं चर्चासत्र झालं. विभागातले सगळे होते, कोलकात्याहून एक तज्ज्ञ आले होते, आणि जयसिंगपूरहून तिचे आईवडील. वडिलांनी नवी टोपी घातली होती. पद्मजा पाऊण तास बोलली आणि अप्रतिम बोलली. टाळ्या वाजल्या. तज्ज्ञ म्हणाले, मूळ नमुना बघायला आवडेल.

"अवश्य," सर म्हणाले. ते हाड घेऊनच आले होते. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. शेजारी स्पिरिटचा दिवा ठेवला, तो पेटवला. कोटाच्या खिशातून एक दाभण काढलं आणि ज्योतीत धरलं. कुणाला काही कळेना. मला कळलं. दोन कोटी वर्षांच्या हाडात जळण्यासारखं काही उरलेलं नसतं. तापलं दाभण टेकवलं तरी काही होत नाही. पण चार वर्षांचं हाड असेल, तर...

दाभण लाल झालं. सरांनी ते हाडाला टेकवलं. बारीक धूर आला आणि केस जळल्याचा वास पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पसरला.

"हा कालपरवा मेलेला डॉल्फिन आहे," सर म्हणाले. "वरचा रंग चहाचा आहे. आणि हा उंचवटा, ज्यावर बाईंनी एक सबंध प्रकरण लिहिलंय, तो कानशीचा आहे. भिंगाखाली ओरखडे दिसतात."

कोलकात्याच्या तज्ज्ञांनी भिंग घेऊन पाहिलं आणि खाली ठेवलं.

"सर, तुम्ही मला दाखवलं नाही," पद्मजा म्हणाली. "मी मागितलं होतं. सर, मी मागितलं होतं."

"एकदा," सर म्हणाले. "एकदाच मागितलंत. ज्याला खरं शोधायचंय तो दार फोडतो, बाई. तीन वर्षं प्लास्टर मोजत बसत नाही."

मागून कुणीतरी हसलं. तिच्या वडिलांना इंग्रजीतलं व्याख्यान कळलं नव्हतं, पण हे मराठीतलं कळलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पद्मजाने कागद गोळा केले, काही खाली पडले, ते तिने तसेच टाकले. ती माझ्या शेजारून बाहेर गेली. मी खुर्चीत बसून होतो.

संध्याकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"किती दिवस लागले तुला घासायला?"

"दोन महिने," मी म्हणालो.

"चांगलं होतं. भिंग लावलं नसतं तर मी फसलो असतो. चव मात्र चहाची होती."

"सर, मग मला का नाही... तिनं काय केलं होतं?"

"काही नाही. म्हणूनच तिला दिलं. तुला दिलं असतं तर आठ दिवसांत पाय धरून, रडून मोकळा झाला असतास. तिला दिलं म्हणून तुला रोज तिच्याकडे बघावं लागलं. मी वाट बघत होतो, खोबरेकर. तीन वर्षं. आज सकाळी दिवा पेटवतानासुद्धा थांबलो होतो. तू नुसता उठून उभा राहिला असतास तरी मी दिवा विझवला असता."

मी लावलेल्या दाराकडे बघितलं.

"तुला वाटतं मी तुला छळलं म्हणून तू ते केलंस. असेल. पण भिंग लावण्याआधी मला दोन मिनिटं वाटलं होतं, की सापडलं. तेवीस वर्षांत मी तेवढाच सुखी होतो. ती दोन मिनिटं मी तुला माफ करणार नाही." त्यांनी टेबलावरची फाईल पुढे सरकवली. "तुझा प्रबंध मी मंजूर केलाय. चांगला आहे. नोकरीसाठी पत्रही जोडलंय. पुढे जाशील तू. पोटात ठेवता येतं तुला."

मी फाईल घेतली. हे लिहायला लाज वाटते, पण घेतली.

दोन महिन्यांनी धीर करून जयसिंगपूरला गेलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो. पद्मजा खंगली होती. एका शाळेत शिकवायला लागली होती. तिची आई चहा ठेवून आत गेली आणि मी तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "मला माहीत आहे हे कुणी केलं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"सरांनीच. दुसरं कोण? त्यांनीच पुरलं, त्यांनीच काढलं, कपाटात ठेवलं, आणि दाभण घेऊन आले. कुणी दाभण खिशात घालून येतं का रे? ते सगळं आधीच ठरवून बसले होते. पण का? मी त्यांचं काय केलं होतं? तुलाही हे सरांचंच काम वाटतं ना?"

मी मान हलवली. होकारार्थी. एवढंच केलं.

"तुझ्याशिवाय कुणी आलं नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दीड वर्षाने आमचं लग्न झालं. तिच्या घरून विरोध झाला, माझ्याही. बाबा मात्र म्हणाले होते, चांगलां चेडू आसा, संभाळ. मी तिला सांभाळलं असं लोक म्हणतात. मी प्राध्यापक झालो, पुढे विभागप्रमुख. घरी कुणी पाहुणा आला आणि विषय निघाला की पद्मजा सरांनी तिला कसं बुडवलं ते सांगायची. दाभणापाशी आली की तिचा आवाज अजून कापायचा. मी पाणी आणून द्यायचो. सरांच्या कानावर हे जात असणारच, पुणं काही एवढं मोठं नाही. त्यांनी कधी कुणाजवळ खुलासा केला नाही.

२००५ साली सरांचं पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं. रुग्णालयात आहे, फार दिवस नाहीत, दोघांनी भेटून जावं.

मी जायला नको म्हणत होतो. पद्मजा म्हणाली, "नाही, जायचं. मला विचारायचंय."

सर गादीत दिसेनासे झाले होते. नुसते डोळे शिल्लक होते. पद्मजा खुर्चीवर बसली नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"सर, पंधरा वर्षं झाली," ती म्हणाली. "मला माफी नको. फक्त खरं सांगा. ते हाड तुम्हीच पुरलं होतं ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तसे ते आधीही बघत असत, जेवताना, बाकाजवळ, दिवा पेटवताना, पण तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळत होतं. ते थांबले होते. घाई नव्हती त्यांना. एक नर्स आली, सलाईनची बाटली बदलून गेली. मी ती बाटली पाहत राहिलो. थेंब पडत होते. पद्मजाची पाठ माझ्याकडे होती.

"हो," सर म्हणाले. "मीच पुरलं."

पद्मजाने पलंगाची दांडी धरली.

"खोटं वाटत असेल तर यांना विचारा," सर म्हणाले. "यांना पहिल्यापासून माहीत आहे. काय, खोबरेकर?"

ती वळली. "गुरुनाथ? खरंच?"

सर हसत नव्हते. डोळे माझ्यावरून हलवत नव्हते.

"हो," मी म्हणालो. "खरं आहे. सरांनीच पुरलं. तुला त्रास नको म्हणून बोललो नव्हतो."

सरांनी डोळे मिटून घेतले. भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर पद्मजा पायऱ्यांवर बसली आणि बराच वेळ रडली. मग तिने डोळे पुसले, माझा हात हातात घेतला.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "जाता जाता का होईना, माणूस खरं बोलला."

समोरच्या खानावळीत आम्ही जेवलो. पुष्कळ वर्षांनी ती पोटभर जेवली, आणि माझ्या ताटात तिने आग्रहाने दोनदा भात वाढला.